गाभडल्याचं बोलत नाहीत

लोहारा,
१२ जानेवारी २०२५

शिवा,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद, खुशाली वगैरे लिहायचं असतं. ते सगळं लिहिलंय असं समज. माझा नंबर तू ब्लॉक केलास. मायच्या फोनवर तुझा फोन येतो, मी उचलला की कट होतो. म्हणून ही चिठ्ठी. माकणीच्या चन्नबसप्पा अण्णांच्या दुकानात ठेवतेय, मेंढरांचं औषध घ्यायला तू तिथं येतोसच. सातवी शिकलास, वाचता येतं तुला. माझं अक्षर डॉक्टरचं आहे म्हणून मुद्दाम सावकाश लिहितेय, म्हणजे मागनं 'लागलंच न्हाय' म्हणायची सोय नको.

आबा दिवाळीपासून माझ्याकडं आहेत. तूच त्यांना आणि मायला लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरवलंस आणि तिथूनच परत फिरलास. स्टँडच्या मागंच तर माझा दवाखाना आहे, पाणी प्यायला आला असतास तर काही बिघडलं नसतं. असो.

आता त्यांच्या तब्येतीचं. गणपतीपासून ताप आहे. बेंबळीच्या डॉक्टरांनी टायफाइड म्हणून सलाईन लावलं, सुया दिल्या. पुन्हा ताप, पुन्हा टायफाइड. माझ्याकडं आले तेव्हा धोतर दोन वेढे जास्त बसत होतं. दुसरा कुणी पेशंट असता तर मी त्याला विचारून विचारून हैराण केलं असतं. पण आबांना विचारायचं म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे.

"ताप कधी येतो, आबा?"
"येतो की."
"रोज येतो?"
"जातोबी."
"कुठं दुखतं?"
"मानूस म्हनलं की दुखतंच."

शेवटी मीच त्यांच्या पाठीवरून बोटं दाबत खाली गेले. कमरेच्या वर एका जागी दाबलं आणि त्यांनी दात आवळले. आवाज केला नाही, पण माझा हात धरला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझा हात दुखण्यापायी धरला असेल.

सोलापूरला नेऊन पाठीचा एमआरआय केला. दोन मणके कुरतडल्यासारखे झालेत. मणक्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, टीबी. सुई घालून तिथला तुकडा काढला, पण तो इतका लहान निघाला की त्यातून काही ठरलं नाही. आपल्याकडं मणका खराब म्हटलं की दहातल्या नवांना टीबीच निघतो. मलाही तेच वाटलं. डिसेंबरात टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि पहिल्याच आठवड्यात ताप उतरला. माझा जीव भांड्यात पडला. मायनं बिरोबाला नारळ फोडला.

आता ताप पुन्हा आलाय. संध्याकाळी घाम येऊन अंथरूण ओलं होतं, सकाळी माणूस बरा. मी गोंधळलेय, पण ते मी त्यांना सांगत नाही.

तुझ्याकडनं एवढंच पाहिजे, आबांशी फोनवर बोल. मायच्या फोनवर कर, मी उचलणार नाही. 'मेंढरं बरी हायत' एवढं म्हणालास तरी त्यांना भाकरी गोड लागेल. तुझ्या मल्लम्माला मी विचारलं म्हणून सांग. आता सहावा सरत आला असेल ना? तिच्यासाठी रक्तवाढीच्या गोळ्या याच पिशवीत ठेवल्यात. रोज एक, जेवल्यावर. तिला म्हणावं, सातव्यात एकदा इकडं येऊन तपासून जा, बाळंतपण माझ्याकडंच करू. मायला हे म्हटलं तर ती उठून चुलीपाशी गेली. माझ्याकडं गॅस आहे, पण मायचा पाय चुलीकडंच वळतो, मागच्या पडवीत तीन विटा मांडल्यात तिनं.

तुझी अक्का,
करिश्मा


लोहारा,
५ फेब्रुवारी २०२५

शिवा,

अण्णा म्हणाले चिठ्ठी तू नेलीस. गोळ्या मात्र दुकानातच पडून आहेत. माझ्यावरचा राग बायकोच्या रक्तावर कशाला काढतोस?

आबांचे डोळे पिवळे झाले. टीबीच्या गोळ्या लिव्हरला झेपल्या नाहीत. उलट्या सुरू झाल्या, अन्नाचा वास नको झाला, म्हणून सगळ्या गोळ्या बंद कराव्या लागल्या. डावा पाय ओढत चालतात. परवा मोरीत जाताना चप्पल पायातनं निसटली आणि त्यांना कळलंच नाही. अनवाणी पायानं उभा जन्म रान तुडवलेला माणूस, त्याला पायाखालची फरशी कळेना. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे तुला लिहायचं नव्हतं, पण दुसरं कुणाला लिहू?

सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून मणक्यात सळ्या घालू, तेव्हाच मोठा तुकडा काढून तपासू. आबांच्या या वयात आणि या लिव्हरवर. टेबलावरून उठतील का, विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. वाईट माणूस नाही तो, खरं तेच सांगत होता.

घरी आले आणि आबांचा नवा केसपेपर काढला. आमच्या कामात एक खोड असते. एकदा कागदावर आजाराचं नाव लिहिलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर ते नावच वाचतो, माणूस वाचत नाही. म्हणून ठरवलं, हे बिराप्पा नावाचे कुणी परके गृहस्थ आज पहिल्यांदाच दारात आलेत. नाव, वय, काम. 'काम' लिहिताना हात थांबला. सोलापूरच्या कागदावर त्या जागी 'शेती' लिहिलंय. कुणी लिहिलं? विचारल्यावर आबांनीच तसं सांगितलं असणार. आपल्याला शेत कुठंय, शिवा?

मेंढरं. मग सगळी साखळी दिसायला लागली. चढउतार करणारा ताप, घाम, पाठ. ब्रुसेला म्हणून एक जंतू आहे. मेंढीशेळी गाभडते, पोटातलं कच्चं कोकरू पडतं, त्या पडलेल्या कोकरात आणि वारेत तो ठासून भरलेला असतो. कच्च्या दुधातही असतो. अडलेली मेंढी सोडवताना उघड्या हातानं ओढायचं म्हटलं की तो माणसात येतो, आणि आला की हळूहळू मणक्यात जाऊन बसतो. टीबीच्या गोळ्यांतली एक गोळी त्याच्यावरही थोडी चालते. म्हणून पहिल्या आठवड्यात ताप उतरला आणि आम्ही सगळे फसलो.

रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो ना धड हो, ना धड नाही. मेंढपाळाच्या रक्तात या जंतूची जुनी खूण तशीही सापडते, त्यावरून आताचा आजार तोच असं म्हणता येत नाही. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "यंदा कळपात गाभडण्याची साथ होती का, एवढं पक्कं सांगा. मग मी ऑपरेशन थांबवतो."

तर मी आबांना विचारलं.

"यंदा मेंढ्या गाभडल्या का?"

ते भिंतीकडं बघत म्हणाले, "आपल्यात न्हाय गाभडत."

"एकबी नाही?"

"न्हाय म्हनलं की."

मायला विचारलं तर ती उसळली. "तुला मेंढरांचं कशाला पायजे? मानसाचं बघ की!"

मला कळतं, शिवा. मी त्याच घरात वाढले. गाभडल्याचं बोलत नाहीत. बाहेर कळलं की कुणी शेतात खतासाठी मेंढरं बसवू देत नाही, व्यापारी भाव पाडतो, पाव्हणासुद्धा दावणीपासून लांब बसतो. म्हणून पडलेलं कोकरू गुपचूप पुरायचं आणि 'यंदा बरं हाय' म्हणायचं. आबांनी ही सवय साठ वर्षं पाळली, ते आता दवाखान्यात मोडतील का? त्यात दवाखाना माझा. दोन वर्षांमागं सिद्धाराम मालक आपल्या बेंबळीच्या घरी त्यांच्या शेतात मेंढरं बसवायचं ठरवायला आले होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर बोलले होते की मेंढरांच्या तोंडाला फोड आलेत, तुमच्या शेळ्यांपासून लांब बसवा. त्या हंगामात तुम्हाला कुठंच बसू दिलं नाही, किती मेंढरं वाटेत मेली ते मला माहीत आहे. तू म्हणालास, "तू घरची न्हायस आता, डाक्टरीण हायस." मी खरं तेच बोलले होते. आजही तेच बोलेन. फक्त आधी तुला सांगेन.

मला मेंढरांशी देणंघेणं नाही. कुठल्या मालकाला, कुठल्या व्यापाऱ्याला मी एक शब्द सांगणार नाही. अंदाजानं औषध द्यायला मी तयार नाही, कारण त्यातल्या सुया मूत्रपिंडावर जातात आणि गोळीनं लिव्हर पुन्हा बिघडू शकतं. आजार दुसराच निघाला तर मीच त्यांना मारलं असं होईल. दोन्हीकडनं आबांचाच जीव. ऑपरेशनला महिनाअखेरीची तारीख दिलीय.

हो किंवा नाही. चिठ्ठीच्या मागं एवढंच लिही आणि अण्णांकडं ठेव. सही नको.

करिश्मा


लोहारा,
१४ फेब्रुवारी २०२५

शिवा,

तुझं उत्तर पोचलं. अण्णा बिचारे एसटीनं स्वतः आले, चहा घेतला आणि मान खाली घालून म्हणाले, "शिवराज म्हनतोय, आमची मेंढरं चांगली हायत. आबांना घरी लावून द्या म्हनतोय."

चांगली आहेत ना? छान. मग आबांच्या मणक्यात सळ्या घालू. ते टेबलावर गेले तर मेंढरांना सांग, तुमची अब्रू राखली. बापाचा पाय गेला तरी चालेल पण सिद्धाराम मालकाच्या तुरीत कळप बसला पाहिजे. दिवसाला साठ पेशंट बघते मी. खोकला, मुतखडा, सुनेनं केलेली करणी. सगळे खोटं बोलतात, दारू पिणारा 'कधीमधी' म्हणतो, गोळ्या बंद केलेला 'चालू हायत' म्हणतो. त्यांच्यावर मी चिडत नाही, ते परके आहेत. तुझ्यावर चिडायचंही बळ आता राहिलं नाही माझ्यात

(त्याच दिवशी, दुपारी)

वरचं अर्धवट राहिलं. फाडणार होते, पण राहू दे, मी चिडते कशी ते तुला माहीत असलेलं बरं.

अण्णा जाताना गोळ्यांची पिशवी परत देऊन गेले. "न्हेत न्हाय म्हनला." माय पडवीत मेथी निवडत होती. मी पिशवी तिच्यासमोर टाकली आणि म्हटलं, बघ तुझा लेक, पोटुशी बायकोच्या गोळ्यासुद्धा नेत नाही.

माय मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "कुणासाठी न्हेईल?"

"म्हणजे?"

"मार्गशीर्षात पडलं तिचं. पाचवा हुता."

मी खाली बसले. माय सगळं सांगत गेली, तिला कुणीतरी विचारायची वाटच बघत होती बहुतेक. कळप सिद्धाराम मालकाच्या शेतात होता. दुपारी मल्लम्माच्या पोटात कळा आल्या. पालात कुणी नव्हतं, तू मेंढरं घेऊन पाण्यावर होतास. संध्याकाळी तू बांधावरच्या बाभळीखाली पुरलंस. आणि मालकाला कळलं तर विटाळ म्हणून कळप उठवेल, एवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी काठी घेऊन मेंढरांमागं चालली. मालकाच्या बायकोनं बांधावरून हाक मारली, तेव्हा हसलीसुद्धा म्हणे.

हे मायला फोनवर कळलं आणि तिनं ते दोन महिने पोटात ठेवलं. माझ्याच घरात. मी रोज येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवते, आणि माझ्या भावजयीचं मूल गेलेलं मला माहीत नाही. मी तिला रक्तवाढीच्या गोळ्या पाठवल्या, सातव्यात ये म्हणून निरोप पाठवला. ती चिठ्ठी तू तिला वाचून दाखवलीस का, शिवा? नसशील दाखवली तर बरं केलंस.

मेंढीचं जसं बोलत नाहीत, तसंच बाईचंही. मी इतकी शिकले आणि हे माझ्या लक्षात आलं नाही की तुझ्याकडं माझ्यासाठी फक्त राग नव्हता, सांगायची चोरीही होती.

आता नीट वाच. मेंढरांचं मला सांगू नकोस, नको तर नको. मल्लम्माला ताप येतो का? संध्याकाळी घाम येतो का? सांधे, कंबर दुखते का? ती पडलेली कोकरं उचलते का, तेही सांगू नकोस, फक्त ताप येतो का एवढं बघ. तिचं पोट दुसऱ्या कशानं पडलं असेल, बायकांचं तसंही पडतं. पण हाच जंतू असेल तर पुढच्या वेळीही घात करू शकतो. आणि औषधानं तो जातो. जातो म्हणजे खरंच जातो.

तू नको येऊस. तिला बाजाराच्या दिवशी जीपमध्ये बसवून दे. मी स्टँडवर उभी राहीन.

अक्का


लोहारा,
२३ मार्च २०२५

शिवा,

त्या दिवशी तू आलास, आणि आपलं काही धड बोलणं झालंच नाही. तू गेलास तेव्हा मी बादलीत हात घालून उभी होते. म्हणून त्या दिवसाचं माझ्या बाजूचं लिहिते.

बाजाराचा दिवस, दवाखाना तुडुंब. मी स्टँडवर मल्लम्माची वाट बघून परत आले होते. एका आजोबांच्या छातीला नळी लावून ऐकत होते तेवढ्यात बाहेर कालवा झाला. शरिफाबी सिस्टर धावत आत आल्या. "डाक्टरबाई, वो तुमारा भाई आया है. पोते में कुछ तो भी लाया, लई बास मार रा!" मागोमाग तू. केसपेपर न काढता, रांग मोडून, खांद्यावर युरियाचं पोतं. मागं मल्लम्मा, पदर तोंडाला लावलेला. तू पोतं माझ्या टेबलावर ठेवलंस, बीपीच्या मशीनशेजारी, आणि सुतळी सोडलीस.

पडलेलं कोकरू. केससुद्धा न फुटलेलं.

आजोबा सदरा न घालताच बाहेर गेले. तू माझ्याकडं बघतही नव्हतास. मला वाटलं काहीतरी बोलशील, तर तू फक्त उभा राहिलास, दोन्ही हात पुढं करून, त्या हातांवर ते सगळं लागलेलं. गाभडल्याचं बोलत नाहीत, म्हणून तू बोलला नाहीस. माकणीपासून जीपमध्ये मांडीवर घेऊन आलास, पण बोलला नाहीस. किती वेडा आहेस रे. आणि शेजारी बसलेल्या लोकांना काय सांगितलंस? 'मटन'?

दोन वर्षांत तुझ्याशी समोरासमोर बोललेला माझा पहिला शब्द होता, "हात धू."

तू जागचा हलला नाहीस. मी ओरडले, "शिवा, हात धू आधी!" मग मीच तुला मनगटाला धरून बेसिनपाशी ओढत नेलं, साबण लावला, कोपरापर्यंत घासलं, नखात घासलं. लहानपणी चिखलातनं आलास की घासायची तसं. तू रडत होतास ते मी पाहिलं, पण पेशंट दारातनं डोकावत होते. मीही रडले असते, पण हातात साबण होता. सगळा दवाखाना त्या दिवशी ब्लीचिंगनं धुतला. शरिफाबी अजून सगळ्यांना सांगतात, डाक्टरबाईचा भाऊ राखीची भेट घेऊन आला होता.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. आपल्या तालुक्यातले जनावरांचे डॉक्टर दिग्विजय हातमोजे घालून ते घेऊन गेले. कोकरातून जंतू निघाला. दरम्यान आबांचं रक्त दुसऱ्यांदा पाठवलं होतं, आता त्यात आकडा चांगलाच वर गेला होता. सोलापूरच्या डॉक्टरांना दोन्ही कागद पाठवले. त्यांचा फोन आला, "ऑपरेशन रद्द करतोय. मलाच कामाचं नीट विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, मलाही. एवढंच बोलून आम्ही फोन ठेवला, कारण दोघांच्याही दारात पेशंट होते.

आबांची औषधं अशी चाललीत. सुयांचा कोर्स संपला, मूत्रपिंडानं साथ दिली. कॅप्सूल दोन वेळा, भरपूर पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. लिव्हर सावरलं तशी टीबीवाली ती एक गोळी पुन्हा जपून सुरू केलीय. पावसाळ्यापर्यंत हे चालेल. मध्येच 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायचं नाही, हा आजार दबा धरून बसतो. ताप गेलाय. पाय अजून ओढतात, पण काल चप्पल निसटली तर थांबले आणि मागं वळून बघितलं. कळलं त्यांना! मायला मी हे तीनदा सांगितलं, तिला त्यात एवढं काय ते समजेना.

पूर्वीसारखे चालतील का, ते मला माहीत नाही. उगीच हो म्हणणार नाही.

मी आबांना म्हटलं, "तुम्ही 'न्हाय गाभडत' म्हणालात." ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्याला सांगितलं असतंस." मी म्हटलं, "हो." ते हसले. आजारपणात पहिल्यांदा.

आता तुझं. चन्नबसप्पा अण्णांनी सगळं सांगितलं. मी शब्द दिल्याप्रमाणे कुणाला काही बोलले नव्हते, दिग्विजय डॉक्टरही बोलले नाहीत. तू स्वतःच जाऊन सिद्धाराम मालकांना सांगितलंस की कळपात साथ आहे, तुमच्या शेळ्या बाजूला घ्या, पडलेलं कुत्र्यापुढं टाकू नका, खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. त्यांनी तुला शेतातून उठवलं, आणि पुढच्या दोघांनीही. आता धरणाकाठच्या पडीक रानात आहात आणि तिथं चारा नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणतात गाभडलेल्या मेंढ्या वेगळ्या काढायच्या, विकायच्या नाहीत. म्हणजे कळप निम्मा. मी तुला शाबासकी द्यावी तर कुठल्या तोंडानं? माझ्याकडं भाड्याचं घर आहे आणि भिंतीवर डिग्री आहे, मेंढरांचं पोट त्यानं भरत नाही. यंदा तुमचे हाल होणार आहेत, शिवा, आणि त्यावर माझ्याकडं औषध नाही. दूध उकळून प्या, एवढंच डॉक्टर म्हणून सांगू शकते. बहीण म्हणून, अण्णांनी हे सांगितलं त्या रात्रीपासून मला धड जेवण जात नाही.

आणि शेवटचं, मल्लम्माचं.

तिच्याही रक्तात निघालं. तिची औषधं तू नेलीस, मल्लम्मा ती घेतेय असं अण्णा सांगतात. संपेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत, त्यासाठी काय करायचं ते तिला समजावलंय. तुझं रक्त देऊन गेला नाहीस, ते द्यायला यायचंय. घाबरू नकोस, सुई लहान असते.

त्या दिवशी मी तिचा केसपेपर लिहायला घेतला. बाळंतपणं किती, गर्भपात किती, हे विचारावंच लागतं. तू दारात उभा होतास. मी विचारलं आणि तूच म्हणालास, "न्हाय काय, सगळं बरं हाय तिचं." सवयच ती. मी तुझ्याकडं बघितलं, तुला काय कळलं कुणास ठाऊक, पण तू बाहेर गेलास आणि दार ओढून घेतलंस. तेवढ्यासाठी मी तुझे सगळे अपराध माफ केले.

मल्लम्मानं पदराचा काठ चोळला. मग मला म्हणाली, "वन्सं, हितं सांगितलं तर चालतं न्हवं?"

मी म्हटलं, "इथं सांगितलं तर चालतं."

मग ती बोलत राहिली. बाहेर रांग वाढत होती, शरिफाबींनी दोनदा दार वाजवलं, मी पेन ठेवून दिलं. तिनं काय सांगितलं ते मी तुला लिहिणार नाही. ते तिचं आहे. बाभळीखाली एकट्यानं खड्डा घेतलेल्या माणसाला ते ठाऊक असेल असं मला वाटत होतं, पण तुला ठाऊक नाही. कारण तू विचारलं नाहीस आणि तिनं सांगितलं नाही. मुलगी होती, एवढंसुद्धा तिनं तुला सांगितलेलं नाही, आणि अंधार पडत आला होता म्हणून तू बघितलं नाहीस. एवढं एकच लिहितेय, तिच्या परवानगीनं.

तिला विचार. ती बोलायला लागली की मध्ये बोलू नकोस, 'झालं गेलं' म्हणू नकोस, उठून मेंढरांकडं जाऊ नकोस. मला कॉलेजात हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. तुला एका संध्याकाळीत जमेल.

पुढच्या बाजारी दोघं या. रिकाम्या हातानं या, शिवा. आणि जे असेल ते तोंडानं सांगा.

तुझी अक्का